गाडी दिवसभराची

सकाळी सहाला मीटरचा आकडा लिहून घेतला.
दहा तास, दीडशे किलोमीटर, वर गेलं तर वेगळे.
मागच्या सीटवर धारप मॅडम, एकट्याच,
मांडीवर घड्यांवर फाटत आलेला नकाशा.
तर्री पोहे नको म्हणाल्या. मग माझ्या प्लेटीतले दोन चमचे घेतले
आणि पुढचे वीस किलोमीटर नाक पुसत राहिल्या.

आधी बेचाळीसचा स्तंभ.
फाट्यावर, पानठेल्याच्या मागं.
चौथऱ्यावर कोणीतरी तुरीच्या शेंगा वाळत घातलेल्या.
मॅडमनी चपला काढल्या, म्हणून मीही काढल्या.
नऊ वर्षं या रस्त्यानं गाडी नेतो, कधी उतरलो नव्हतो.
त्या नावं वाचत गेल्या, मोठ्यानं, हजेरी घेतात तशी.
पाचव्या नावाला ठेल्यावरचा पोरगा म्हणाला,
"हाव, आमचे आबाजी थे."
आणि पानाला चुना लावत राहिला.

किल्ल्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.
चौकीदार जेवायला गेलेला, बुरुजाच्या भोकांत पोपट.
मॅडमच्या गुडघ्यांनी अर्ध्यावरच हात टेकले.
पायरीवर बसून आम्ही संत्री सोलली,
साली त्यांनी पिशवीत भरून परत आणल्या.

मग ते दगड.
पऱ्हाटीच्या वावराला लागून पडीत जागा,
आणि तिथं काळे दगड, गोल करून,
वाढपी येईना म्हणून पंगतीत ताटकळलेल्या माणसांसारखे.
मॅडम म्हणाल्या, "ही थडगी आहेत, नन्नावरेजी.
या लोकांना लोखंड ठाऊक होतं, घोडा ठाऊक होता.
लिहिणं नव्हतं. म्हणून नाव नाही कुणाचं."
एकेका दगडावर हात ठेवत त्यांनी मोजले.
बावीस.
जुन्या नकाशात तेवीस होते.
पुन्हा मोजले, उलट्या बाजूनं.
एका जागी नुसता खळगा, त्यात तरोट्याची वाळकी झाडं.
"हा कुठं गेला असेल?"
मी म्हणालो, "ट्रॅक्टरवाले नेतात मॅडम. पायव्याला, बांधाला."
खोटं बोललो नाही. ट्रॅक्टरवालेही नेतात.

आमच्या बापानं बैलगाडीनं नेला होता.

परतताना त्यांना पाणी हवं होतं,
बाथरूमही हवं होतं, ते त्या बोलल्या नाहीत.
माझं गाव चार किलोमीटर आत.
ढाब्यावर थांबता आलं असतं.
का वळलो, ते अजून मला नीट सांगता येत नाही.

पंचफुला न्हाणीपाशी चादरी आपटत होती.
दगड ओला, काळा, वरच्या अंगाला चार वाट्या कोरलेल्या,
एका वाटीत निळा साबण.
लहानपणी आम्ही त्या वाट्यांत कंचे ठेवायचो,
घरंगळत नसत.
मॅडम उभ्या राहिल्या. बराच वेळ.
मग वाकून एका वाटीत बोट फिरवलं,
पुरण चाखायला फिरवावं तसं, पण तोंडाकडे नेलं नाही.
"किती वर्षं झाली याला?"
"मी लग्न होऊन आली तवापासून हायेच," पंचफुला म्हणाली.
"बसा नं बाई, चहा ठेवते."
चहा घेतला. साखर जास्त होती, तरी सगळा घेतला.
माझ्याकडे पाहिलं नाही.

गाडीत मी आरसा जरा तिरका करून ठेवला.
हॉटेलच्या दारात हिशेब झाला: एकशे अडुसष्ट किलोमीटर.
आत वळलेले आठ मी लावले नाहीत.
त्यांनी ते बोटांवर मोजून वेगळे दिले.
उतरताना म्हणाल्या, "तेवीस."
एवढंच.

रात्री अकराला घरी पोचलो.
दगड धुऊन पुसलेला, साबण वाटीतून काढून विटेवर ठेवलेला.
"काहून?" मी विचारलं.
पंचफुला अंथरूण घालत होती.
"कोनाचा तरी असन नं थो," म्हणाली.

सकाळी उठलो तर साबण परत वाटीत.
चादरी तर राहिल्याच होत्या अर्ध्या.